फक्कीची खोली

सभापतींनी कात्री मागितली, तेव्हा तिथं कापण्यासारखं काहीच नव्हतं.

"कात्री?" सरपंच इंगोलेअण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी घोलपबाईंकडं पाहिलं. बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी कुणाकडंच पाहिलं नाही, त्या हातातल्या कुदळीकडं बघत राहिल्या. कुदळीला हळदकुंकू लावलेलं होतं, दांड्याला झेंडूची माळ होती. समोर पाट, पाटावर नारळ, आणि मैदानात फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या पुडीनं, ओव्हरसियरनं आखून दिलेला एक ऐसपैस चौकोन. त्यात दारासाठी सोडलेली फट. यापेक्षा जास्त भूमिपूजन एखाद्या भूमीला सोसलं नसतं.

पण सभापती सकाळपासून फिरतीवर होते. मागच्या गावात त्यांनी स्मशानातल्या शेडचं उद्घाटन केलं होतं, त्याच्या मागच्या गावात व्यायामशाळेचं. उद्घाटनावर हात बसला होता. गाडीच्या डिकीत लाल रिबिनीचं रीळ होतंच. ड्रायव्हरनं मांडवाच्या दोन बांबूंना रिबीन बांधलीसुद्धा. कात्री आली. सभापतींनी रिबीन कापली, फटीतून चौकोनात शिरले, मधोमध उभे राहिले आणि चारी बाजूंना बघून म्हणाले, "छान झालीय. हवेशीर आहे."

मग त्यांनी ती खोली गावाला अर्पण केली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तुम्ही विचाराल, कुणी बोललं का नाही? बोलणार कसं! आमच्या हिंगणटाकळीत पाहुण्याच्या अंगावर शाल पडली की त्याला मधे टोकत नाहीत. शाल पडायच्या आधी काय ते सांगून घ्यायचं. आणि शाल पडली होती. अण्णांनी उत्साहाच्या भरात सभापती गाडीतून उतरतानाच टाकली होती.

"जरा दमानं टाकली असती तर खोली वाचली असती," अण्णा संध्याकाळी म्हणाले. त्यांना जेवण गेलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा तिथं शिक्षणसेवक होतो. नवाकोरा. हर्षल ठोंबरे हे नाव मस्टरवर लिहितानासुद्धा अभिमान वाटायचा, असा काळ.

त्या खोलीची शाळेला किती गरज होती ते सांगायला हवं. आमची शाळा झेडपीची, चौथीपर्यंत, दोन खोल्यांची. वर्षानुवर्षं दोन खोल्या पुरायच्या, कारण मुलं यायची नाहीत. मग गावाजवळ डाळिंबाचं पॅकिंग सुरू झालं. कामाला बाहेरून कुटुंबं आली आणि पोरांसकट राहिली. त्याच वर्षी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी ओढ्यात रुतली ती पुन्हा आमच्या बाजूला फिरकलीच नाही. मग तीही मुलं आमच्याकडं. पहिली-दुसरी खोल्यांमध्ये बसायची, तिसरी व्हरांड्यात, आणि चौथी खिचडीच्या शेडमध्ये, डेगच्यांच्या मधे. चौथीचं गणित कच्चं नव्हतं, पण गणित सोडवताना मुलं सारखी वर बघून वास घ्यायची.

आणि वरच्या कचेरीतून आधीच निरोप येऊन बसला होता. जूनपर्यंत खोली झाली नाही तर चौथी बंद. चौथीची मुलं करंजवाडीच्या शाळेत जातील. करंजवाडी लांब नाही. फक्त मधून चौपदरी हायवे जातो.

"माझी कार्तिकी हायवे ओलांडणार न्हाई," बिरूतात्या वाघमोड्यांनी तेव्हाच शाळेत येऊन सांगितलं होतं. तात्यांचा शेळ्यांचा कळप होता, आणि त्यांची नात कार्तिकी आमच्या तिसरीत होती. "दोन कुत्री आन् एक मेंढरू गेलंय त्या रस्त्यावर. पोरगी न्हाई घालवायची मला. चौथी बंद झाली तर माझ्यासंगं शेळ्यांमागं यील."

"तात्या, ती वर्गात पहिली येते," बाई म्हणाल्या.

"मग शेळ्यांतबी पहिली यील."

कार्तिकी तेव्हा आजोबांच्या मागं उभी होती. तिनं शाळेतली सगळी पुस्तकं वाचून संपवली होती आणि आता ती खताच्या पिशव्या वाचत होती. तात्या गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "ही पोरगी शेळ्यांमागं गेली तर शेळ्यांचं कल्याण होईल ठोंबरे. तिचं होणार नाही."

तर अशी परिस्थिती असताना आमच्या खोलीचं उद्घाटन झालं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आठवड्यानं मी आणि बाई ओव्हरसियरकडं गेलो.

"काम कधी सुरू करताय?" बाईंनी विचारलं.

"कसलं काम? उद्घाटन झालंय."

"अहो, पण खोली नाहीये तिथं."

"नाही कशी?" त्यानं दार लावून घेतलं. "बाई, सभापती आत जाऊन आलेत. हवेशीर आहे म्हणालेत. आता मी खोली नाही म्हणालो, तर ते कुठं जाऊन आले?"

"मैदानात."

"असं तुम्ही म्हणा. मी दोन मुलींचा बाप आहे."

परतीच्या एस्टीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी पण बघत होतो, पण माझी खिडकी उघडत नव्हती. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर बाई एकदम थांबल्या.

"ठोंबरे, खोलीचं उद्घाटन झालंय ना?"

"झालंय."

"लोकार्पण?"

"तेही झालंय."

"मग रिकामी का ठेवलीय? उद्या तिसरी हलवा."

मला वाटलं, बाई चिडून बोलतायत. पण बाई चिडून बोलत नसत, त्या चिडून काम करत. सकाळी त्यांनी स्वतः चपला काढून फटीतून आत जाऊन दाखवलं, आणि तिसरीची मुलं रांगेनं त्यांच्या मागून आत गेली. कुणी हसलं नाही. मुलांना सांगितलं ही भिंत, की ती भिंत. त्यांना पटवून द्यावं लागत नाही, मोठ्यांना लागतं.

मी फळा आणला. फळा भिंतीला टांगायचा असतो, तो मी भिंतीपाशी उभा केला आणि मागून दगड लावला. दगड बाहेरच्या बाजूनं लावावा लागला, त्यासाठी मला दारातून बाहेर जाऊन पूर्ण वळसा घालावा लागला. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की हात नुसता पुढं केला असता तरी चाललं असतं. पण मुलं बघत होती.

"सर, खिडकी कुठाय?" कार्तिकीनं विचारलं.

नकाशात खिडकी होती, आखणीत नव्हती. "तूच सांग, कुठं हवी?"

तिनं माळाकडची बाजू निवडली. मी तिथं फक्कीची दोन ठळक टिंबं दिली. ती खिडकीशेजारी बसली आणि त्या दिवसापासून बाहेर बघायचं असेल तर ती फक्त त्या दोन टिंबांच्या मधून बघायची. बाकी सगळीकडं भिंत होती.

तात्यांना हे कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते कळप घेऊन सरळ वर्गातून निघाले.

"काय मास्तर, पोरं उन्हात वाळत घातलीत व्हय?"

"तात्या!" सगळा वर्ग ओरडला. कार्तिकी उठून उभी राहिली. "तात्या, तुमी भिंतीतनं आलासा."

"कुठाय भिंत?"

"ही काय."

"ही फक्की हाय येडे."

"मग कबड्डीत माणूस बाद कशानं देत व्हता? तीबी फक्कीच असती."

तात्या तरुणपणी पंचक्रोशीतले कबड्डीचे पंच होते. त्यांच्या गळ्यात अजून पंचाची शिट्टी असायची, तिच्यावर शेळ्या वळायच्या. या माणसानं फक्कीच्या रेघेवरून सख्ख्या मेहुण्याला बाद देऊन सासरवाडी तोडली होती. त्यांनी खाली रेघेकडं पाहिलं, रेघेवर उमटलेल्या शेळ्यांच्या खुरांकडं पाहिलं. चेहरा उतरला.

"चूक झाली," ते म्हणाले. "आता भायेर कसा जाऊ?"

"दारातनं," कार्तिकी म्हणाली.

सगळा कळप दारातून एकेक करून बाहेर काढायला निम्मा तास गेला. एक बोकड अडून बसला, त्याला दारातून ढकलावा लागला. त्या दिवसानंतर तात्यांचा कळप आमच्या भिंतीला वळसा घालून जाऊ लागला, आणि तात्यांचं बघून गावही.

मग आम्हाला चटक लागली. फक्की वाऱ्यानं उडायची, त्यामुळं रोज सकाळी आखणी नव्यानं करावी लागे, आणि ती मी करायचो. दर वेळी खोली थोडी मोठी व्हायची. पॅकिंगवर नवं कुटुंब आलं, मुलं वाढली, की भिंत सरकवायची. महिन्याभरात आमच्याकडं चौथीची खोली झाली, वाचनालय झालं, मुख्याध्यापकांचं ऑफिस झालं. ऑफिसात बाई खुर्ची टाकून बसायच्या, आणि अण्णा बाहेर उभे राहून "येऊ का?" विचारायचे. एकदा बाई म्हणाल्या, "थांबा जरा," तर ते भर उन्हात दारात थांबले. मुतारीची आखणी मात्र बाईंनी करू दिली नाही. म्हणाल्या, "मुलं भोळी आहेत."

मार्चमध्ये गटशिक्षणाधिकारी नाईकनवरेसाहेब आले. न कळवता. तालुक्यातल्या कुठल्या चौथ्या चालवायच्या आणि कुठल्या बंद करायच्या, हे त्यांना ठरवायचं होतं. साहेब उंच, सावळे आणि कायम पोट दुखत असल्यासारखे दिसायचे. जीपमधून उतरले ते तडक मैदानाकडं निघाले.

"नवीन खोली कुठंय?"

"ती काय," बाई आपल्या ऑफिसातून म्हणाल्या.

साहेबांनी पाहिलं. मैदानात फळा, फळ्यापुढं मुलं, मुलांच्या डोक्यावर आकाश.

"घोलपबाई," ते थकून म्हणाले, "मी खूप ऐकलं होतं, विश्वास बसला नव्हता. हे बंद करा. पोरांना करंजवाडीला पाठवून द्या." आणि फाईल उघडून लिहीत लिहीत ते फळ्याच्या दिशेनं सरळ चालू लागले. वाटेत भिंत होती.

साहेब त्या रेघेवरून पलीकडं गेले असते, तर सगळं संपलं असतं. मुलांनी पुस्तकं खाली ठेवली. कार्तिकी उठून उभी राहिली, पण वर्गात साहेब आले की न विचारता बोलायचं नाही, असं मीच शिकवलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले.

साहेबांचा पाय उचलला गेला.

शिट्टी वाजली.

लांबलचक, पंचाची. मैदानाच्या कडेला तात्या शेळ्या घेऊन उभे होते, हात वर. शेळ्या जागच्या जागी थबकल्या. मी थबकलो. साहेब एक पाय हवेत ठेवून थबकले.

"साहेब!" तात्या गरजले. "भिंत!"

आणि साहेबांनी पाय मागं घेतला.

आता यावर खूप विचार करता येईल. शिट्टीमुळं घेतला असेल. दचकून घेतला असेल. पण घेतला हे खरं, आणि साठ-सत्तर डोळ्यांनी ते पाहिलं. साहेबांनाही कळलं की पाहिलं. ते खाली रेघेकडं बघत बराच वेळ उभे राहिले. एकदा त्यांनी हात पुढं करून हवा चाचपल्यासारखं केलं आणि लगेच तो हात खिशात घातला.

"दार कुठंय?" त्यांनी विचारलं.

"इकडनं, साहेब," मी म्हणालो.

ते वळसा घालून दाराशी आले. बूट काढले. उंच असल्यामुळं आत येताना जरा वाकले. वाकल्यावर त्यांना स्वतःचाच राग आलेला दिसला. मी खुर्ची दिली.

"इथं वारा कुठून येतोय एवढा?"

"खिडकी उघडी हाय सर," कार्तिकी म्हणाली. "लावू?"

"लाव. फाईल उडतेय."

तिनं जाऊन खिडकी लावली. कडीसुद्धा घातली. वारा काही थांबला नाही, पण साहेबांनी फाईल मांडीखाली घेतली आणि तक्रार केली नाही.

"तुझं नाव काय?"

"कार्तिकी बाळू वाघमोडे."

"पुढच्या वर्षी चौथीत ना? करंजवाडीला जायला आवडेल?"

"न्हाई."

"का?"

"हायवे हाय. तात्या जाऊ देणार न्हाईत. मी शेळ्यांमागं जाणार." मग ती म्हणाली, "शेळ्यांचं काय न्हाई सर. पर त्यास्नी पाढे येत न्हाईत. मी एकटीच म्हणत बसंन."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मैदानाच्या कडेला तात्या शिट्टी तोंडात धरून उभे होते, हात अजून खाली आला नव्हता. बाई ऑफिसातून उठून, ऑफिसच्या दारातून, वर्गाच्या दारातून आत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एवढा मोठा वळसा घातलेला साहेबांनी पाहिला.

"घोलपबाई," साहेब शेवटी म्हणाले, "ही खोली मी तपासली."

"हो साहेब."

"छप्पर अजिबात राहिलेलं नाही."

"नाही साहेब."

"भिंती अतिशय बारीक आहेत."

"आहेत."

"मुलांच्या जिवाला धोका आहे. ही खोली ताबडतोब पाडून टाका."

मुलांमधून हाय असा आवाज आला. बाईंचा हात पदराकडं गेला. "पाडायची?"

साहेबांनी आवाज खाली आणला. "बाई, नसलेल्या खोलीच्या जागी मला खोली देता येत नाही. पाडलेल्या खोलीच्या जागी देता येते, आणि लगेच देता येते. बांधकाम चालू असलेल्या शाळेचा वर्ग हलवताही येत नाही. आता कळलं?"

"पण साहेब, खोली होती, हे वर पटेल?"

"न पटायला काय झालं?" साहेब बूट घालत म्हणाले. त्यांचं पोट पहिल्यांदाच दुखायचं थांबल्यासारखं वाटलं. "सभापती आत जाऊन आलेत. मी भिंतीला अडलोय."

पाडकाम शनिवारी ठेवलं. ओव्हरसियर टोपी घालून आला आणि लोकांना म्हणाला, जरा लांब उभे राहा, अंगावर पडेल. अण्णांनी गावातून खराटे गोळा केले. तात्यांनी शिट्टी वाजवली की आम्ही झाडायला सुरुवात करायची, असं ठरलं होतं. पण तात्या वाजवेनात.

"पोरगी आत हाय अजून," ते म्हणाले.

कार्तिकी तिच्या जागेवर बसली होती. मी दारातून आत गेलो.

"चल, बाळा. नवी होणार आहे."

"सर, माझी खिडकी आधी काढून घ्या. मोडंल."

मी बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "काढून घ्या की. चांगल्या वस्तू आधी काढतातच."

मला काढता आली नाही. कुठं धरायची तेच कळेना. शेवटी तिनंच काढली. चौकट हलवून सैल केली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली, तिरकी करून दारातून बाहेर आणली आणि कडुलिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली. मग तात्यांनी शिट्टी वाजवली. घटकाभरात मैदान साफ झालं. धूळ खूप उडाली. त्यामुळं कुणाकुणाच्या डोळ्यात पाणी आलं, ते सांगता येणार नाही.

खरी खोली दिवाळीपर्यंत झाली. भूमिपूजनाची कुदळ तात्यांनीच मारली, बाहेरून कुणाला बोलावलं नाही, आणि त्या दिवशी शाल बाईंनी कपाटात घालून कपाटाला कुलूप लावलं. उद्घाटन केलंच नाही. अण्णांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "एकदा झालंय तेवढं पुरे."

सुट्टीनंतर चौथी नव्या खोलीत बसली. सिमेंटच्या भिंती, पत्र्याचं छत, लोखंडी गजांची खिडकी. ती खिडकी गवंड्यानं चुकून स्वयंपाकाच्या शेडकडं काढली होती. मुलं पुन्हा वर बघून वास घेऊ लागली. कार्तिकी खोलीभर फिरली, भिंतीवरून हात फिरवला, आणि बाहेर गेली. मी दारातून पाहिलं. ती कडुलिंबाखाली वाकली, काहीतरी उचललं, पालापाचोळा झटकला आणि ते दोन्ही हातांत धरून, तिरकं करून आत घेऊन आली. मुलांनी तिला वाट दिली.

माळाकडच्या कोऱ्या भिंतीत, स्वतःच्या जागेशेजारी, तिनं ती बसवली. हलते का बघितलं. कडी काढली. मग बसली आणि बाहेर बघू लागली.

मी हजेरी घेतली. सगळे हजर होते. हजेरी झाल्यावर राहवेना, तिच्यापाशी गेलो.

"काय दिसतंय?"

"तात्या चाललेत माळाकडं," भिंतीवरची नजर न काढता ती म्हणाली. "शेळ्या घेऊन. एकटेच."

मी दारातून बाहेर जाऊन, वळसा घालून पाहिलं. चालले होते.